शाळेच्या इमारतीला भाडे किती मागावे?

पत्र:

नमस्कार. सांगलीत मुख्य रस्त्यापासून थोडी आत, ११ गुंठ्यांवर वडिलांनी २००४ मध्ये तीन मजली इमारत बांधली. मजला ४,५०० चौरस फुटांचा. जून २०१४ पासून ती एका स्थानिक शिक्षण संस्थेला महिना ४५ हजारांनी दिलेली आहे. वडील आता नाहीत; मालक मी आणि माझा भाऊ, निम्मे-निम्मे. अकरा वर्षांत भाडे एक रुपयाने वाढलेले नाही आणि कराराची मुदत संपली आहे. संस्था म्हणते ६० हजार देऊ, शाळा आहे, धंदा नव्हे. पुण्याची एक शाळासाखळी दीड लाख देते म्हणते, पण करार ३० वर्षांचा, पहिले तीन महिने भाडे माफ, आणि लिफ्ट, रॅम्प, नवी स्वच्छतागृहे आम्ही बांधून द्यायची. एजंट सांगतो, रस्त्यावरच्या दुकानांना फुटाला ३५ रुपये मिळतात, त्या हिशेबाने पावणेपाच लाख मागा. शेजारच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक क्लास आहे, तो २,२०० फूट कार्पेटला (आतल्या वापराच्या क्षेत्राला) ३० हजार देतो. भावाचे हार्डवेअरचे दुकान आहे आणि तो त्याच संस्थेचा विश्वस्त आहे, म्हणून तो काही बोलत नाही. घरपट्टी, रंग, गळती हे सगळे आम्हीच करतो. घरपट्टीचे बिल, इमारतीचा नकाशा, शाळेचे फीपत्रक आणि लिफ्टवाल्यांचा अंदाज सोबत जोडला आहे. खरे बाजारभाडे किती आणि कोणता खर्च कोणी करायचा?
— एक वाचक, सांगली

उत्तर:

ताई, एजंटचा आकडा आधी बाजूला ठेवू. दुकानाला ३५ रुपये मिळतात ते रस्त्याकडेच्या दर्शनी भागाला, शटरला, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेला. तुमच्या दुसऱ्या मजल्यावर सातवी ब चा वर्ग भरतो, तिथे शटर लावून कोणी साड्या विकणार नाही. त्यातून त्याने धरलेले १३,५०० फूट हे बांधकामाचे क्षेत्र. शाळेच्या इमारतीत व्हरांडे आणि जिने भरपूर असतात, असावेच लागतात. तुम्ही पाठवलेल्या नकाशावरून १५ वर्गखोल्या सुमारे ४५० फुटांच्या, म्हणजे ६,७५० फूट. कार्यालय, प्रयोगशाळा, ग्रंथालय, शिक्षक खोली, स्वच्छतागृहे मिळून आणखी पावणेतीन हजार. वापराचे क्षेत्र साधारण ९,५०० फूट. भाडे याच्यावर बोलायचे.

पण त्याच्याही आधी कपाटातून २०१४ चा कागद काढा. तो 'भाडेपट्टा' आहे की 'लिव्ह अँड लायसन्स' (ठराविक मुदतीपुरती वापराची नुसती परवानगी), आणि नोंदवलेला आहे की नुसता स्टॅम्प पेपरवर सह्या केलेला, यावर तुमचा निम्मा प्रश्न अवलंबून आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ मधून बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी किंवा जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या वगळलेल्या आहेत. शैक्षणिक न्यास (ट्रस्ट) त्या वगळलेल्यांत बसत नाही. म्हणजे तुमचा भाडेकरू खरोखर 'भाडेकरू' असेल, तर मुदत संपली म्हणून तो आपोआप बाहेर जात नाही. त्याला काढायला कायद्यातले कारण दाखवून न्यायालयात जावे लागते, आणि तोवर साखळीवाले थांबत नाहीत. शिवाय याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणे ही मालकाची जबाबदारी आहे. तो नसेल, तर वाद झाल्यावर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, ते खोटे ठरवण्याचा भार तुमच्यावर. कागद सांगलीतल्याच एखाद्या दिवाणी वकिलाला दाखवा. तो दाखवण्यापूर्वी संस्थेला 'इमारत सोडा' असे पत्र पाठवू नका.

या कायद्यात भाडे वर्षाला ४ टक्के वाढवण्याची मुभा आहे. तुम्ही ती कधी वापरली नाही. वापरली असती तर ४५ हजारांचे आज ६५ ते ७० हजारांच्या दरम्यान झाले असते. हा आकडा लक्षात असू द्या, पुढे तो वेगळ्याच वाटेने पुन्हा भेटणार आहे.

आता बाजारभाव. तुमच्याकडे एक चांगली तुलना आहे, तो क्लास. ३० हजार भागिले २,२०० म्हणजे फुटाला १३ रुपये ६० पैसे. हाच दर ९,५०० फुटांना लावला तर सव्वालाखाच्या थोडे वर जाते. पण क्लासवाला एक मजला घेतो, दोन-तीन वर्षांनी जातो, दुसरा येतो. अख्खी इमारत एकच जण वर्षानुवर्षे घेतो तेव्हा दर खाली येतोच. रिकामे राहण्याची धास्ती आणि दर वेळची दलाली वाचते, त्याची ती किंमत. मी वीस ते पंचवीस टक्के कमी धरतो. येते महिना एक लाखाच्या आसपास. आणखी दोन-तीन तुलना मिळवा. वसतिगृहे, अभ्यासिका, नर्सिंग कॉलेज, एमआयडीसीकडची प्रशिक्षण केंद्रे चालतील. शहरात समाजकल्याणचे एखादे शासकीय वसतिगृह खासगी इमारतीत असेल तर त्याचे भाडे जरूर विचारा. शासन भाड्याने इमारत घेते तेव्हा सार्वजनिक बांधकाम विभागाकडून वाजवी भाड्याचे प्रमाणपत्र घेते. तो दर बहुतेक वेळा बाजारापेक्षा थोडा कमी असतो, पण कागदावर असतो आणि वाटाघाटीत कागद कामाला येतो.

दुसरी पद्धत गुंतवणुकीची. तुमच्या भागात गुंठ्याला १२ लाख तुम्हीच फोनवर सांगितले आहेत, म्हणजे जागा १ कोटी ३२ लाख. अशीच साधी इमारत आज बांधायला फुटाला १,९०० धरले तर अडीच कोटींवर जाते. एकवीस वर्षांची घट म्हणून तिसरा हिस्सा वजा केला की १ कोटी ७० लाख उरतात. सगळे मिळून तीन कोटी. घरांना किमतीच्या दोन-तीन टक्के भाडे मिळते, चांगल्या दुकानांना सहा-सात. शाळेची इमारत मधे कुठेतरी. चार टक्के धरले तर वर्षाला १२ लाख, म्हणजे पुन्हा महिना एक लाख. फार खूश होऊ नका. या पद्धतीत टक्का जरा इकडे-तिकडे केला की आकडा नाचतो, म्हणून मी तिचा उपयोग फक्त पडताळणीला करतो. रेडी रेकनर, म्हणजे मालमत्तांच्या सरकारी दरांचा तक्ता, तोही पाहिला असेल तुम्ही. त्यात निवासी, कार्यालय, दुकान, औद्योगिक असे रकाने असतात, शाळेचा नसतो. मुद्रांक शुल्काला तो लागतो, भाडे ठरवायला नाही.

तर बाजारभाडे एक लाख. पण शाळा एक लाख देऊ शकते का? हा प्रश्न मालक विचारत नाहीत आणि तिथेच फसतात. दुकानदार भाडे विक्रीतून काढतो, विक्री वाढवू शकतो. शाळेचे उत्पन्न वर्गातल्या बाकांवर मोजलेले असते.

तुम्ही फोनवर सांगितलेली पटसंख्या ४२०, सरासरी फी २४ हजार. गुणाकार केला की एक कोटी होतात आणि मालकाचे डोळे विस्फारतात. जरा थांबा. विनाअनुदानित शाळेला शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा द्याव्या लागतात. त्या मुलांची फी शासनाकडून प्रतिपूर्तीने येते आणि ती किती थकते हे कुठल्याही संस्थाचालकाला विचारा. ८० मुले तशी धरू. उरलेल्या ३४० जणांची फी ८१ लाख ६० हजार. त्यातली नव्वद टक्के वसूल झाली तर चांगली वसुली म्हणायची. राहिले साडेत्र्याहत्तर लाख. यातून शिक्षकांचे पगार जायचे आहेत. माझा ठोकताळा असा की भाडे आणि इमारत चालवण्याचा खर्च मिळून हातात आलेल्या फीच्या पाचव्या हिश्शापलीकडे गेला की शाळा पगार थकवायला लागते, आणि पगार थकवणारी शाळा भाडेही थकवते. पाचवा हिस्सा म्हणजे १४ लाख ७० हजार.

आकडे माझे अंदाजाचे आहेत, खरे मागा. सार्वजनिक न्यासाला दरवर्षी लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय कार्यालयात दाखल करावे लागतात. भाऊ विश्वस्तच आहे, मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद तो एका फोनवर आणू शकतो. संस्था 'परवडत नाही' म्हणते ते खरे की सवयीचे, हे त्यात दिसेल.

आता त्या पावणेपंधरा लाखांतून इमारत चालवायला किती जातात ते पाहू. झाडलोट आणि स्वच्छतागृहांसाठी दोन माणसे व फिनेल-झाडू धरून २ लाख ४० हजार. रात्रीचा वॉचमन १ लाख २० हजार. वीज १ लाख १० हजार. विजेबाबत एक गोष्ट तपासा: महावितरणच्या दरपत्रकात शाळांसाठी 'सार्वजनिक सेवा' हा वेगळा वर्ग आहे, तरी कित्येक खासगी शाळांचे मीटर मूळ मालकाच्या नावावर व्यावसायिक दराने चालू असते आणि वर्षानुवर्षे कोणी बिलाचा वरचा कोपरा वाचत नाही. मीटर तुमच्या नावावर असेल तर वर्ग बदलून घेण्याच्या अर्जावर तुमचीच सही लागेल. पाणी आणि उन्हाळ्यातले टँकर ३० हजार. अग्निशमन सिलिंडर भरणे आणि यंत्रणा चालू असल्याचे 'नमुना ब' प्रमाणपत्र २५ हजार. २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे हे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यायचे असते आणि त्यात मालक किंवा भोगवटादार असे दोघांचेही नाव घेतलेले आहे. म्हणून करारात स्पष्ट लिहा, नाहीतर नोटीस तुमच्या दारात येईल. टाक्या धुणे, कीटकनाशक फवारणी, पाण्याचे फिल्टर, सीसीटीव्हीची देखभाल मिळून ४५ हजार. ऑगस्ट २०२४ मधल्या बदलापूरच्या घटनेनंतर शासनाने कॅमेरे सक्तीचे केल्यापासून हा खर्च आता टळत नाही.

राहिली किरकोळ दुरुस्ती. फुटाला सहा रुपये, म्हणजे ८० हजार. हा आकडा लोकांना जास्त वाटतो. त्यांनी मधल्या सुट्टीत एखाद्या शाळेच्या पाण्याच्या टाकीजवळ उभे राहावे. सहा नळ, दहा मिनिटे आणि दोनशे मुले. नळ फिरवत नाहीत, लोंबकळतात. तुम्ही पुढच्या वेळी इमारतीत जाल तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहांच्या बरोबर खाली जो वर्ग आहे, त्याचे छत बघा. पिवळट वर्तुळे दिसतील. एकात एक, जुन्या पावसाळ्यांची. रंगाचा पोपडा बोटाने सुटत असेल आणि पंख्याच्या हुकाभोवती तांबूस कड आली असेल, तर ते काम रंगाऱ्याचे नाही. वरची फरशी उखडून, नहाणीचा ट्रॅप बदलून, खाली जलरोधक थर पुन्हा द्यावा लागतो. हे वेळेत केले तर चाळीस-पन्नास हजारांत होते. सळईपर्यंत पाणी गेले की स्लॅबचा प्रश्न होतो. महानगरपालिका हद्दीत ३० वर्षांवरच्या इमारतींना संरचना तपासणी सक्तीची आहे. तुमची अजून त्यात येत नाही, पण खाली लेकरे बसतात, तेव्हा नवा करार करण्याआधी करून घ्या. त्या अहवालाने 'आज इमारत कशी आहे' हेही दोघांच्या सहीने नोंदले जाईल, उद्या जाताना भांडण नको.

हे सगळे झाले साडेसहा लाख. १४ लाख ७० हजारांतून गेले की भाड्याला ८ लाख २० हजार उरतात. महिन्याला ६८ हजार. मघाचा तोच आकडा, ४ टक्के वाढीचा.

म्हणजे बाजारभाडे एक लाख आणि तुमच्या सध्याच्या शाळेची कुवत ६८ हजार. संस्थेचे ६० हजार तुम्हाला थट्टा वाटली असेल, ती थट्टा नव्हती. घासाघीस होती.

तुमची बाजू आता. वर्षाला भाडे येते ५ लाख ४० हजार. घरपट्टीचे बिल १ लाख ९४ हजार, चार वर्षांनी निघणारा रंग वर्षाला ८० हजार, गच्चीच्या जलरोधनाची तजवीज ४० हजार, विमा १५ हजार. हातात २ लाख १० हजारांच्या आसपास. तीन कोटींच्या मालमत्तेवर पाऊण टक्काही नाही, बचत खातेसुद्धा याहून जास्त देते. तुम्ही चिडला आहात ते रास्त आहे.

पण बिल नीट वाचा. 'करयोग्य मूल्य' ४ लाख ८६ हजार लिहिले आहे. हे कुठून आले? वर्षाचे भाडे ५ लाख ४० हजार, त्यातून दुरुस्तीची कायदेशीर १० टक्के वजावट. त्यावर सामान्य कर, पाणी, मलनिस्सारण, शिक्षण कर, रोजगार हमी उपकर असे सगळे मिळून ४० टक्के. (शाळेच्या इमारतीवर शिक्षण कर, हेही आपल्याकडेच.) मुंबईत २०१० पासून घरपट्टी भांडवली मूल्यावर गेली, तिथे भाडे वाढले म्हणून कर वाढत नाही. तुमची मात्र भाड्याला बांधलेली आहे. नोंदणीकृत करारात एक लाख लिहिले आणि महापालिकेने फेरआकारणी केली की करयोग्य मूल्य १० लाख ८० हजार, कर ४ लाख ३२ हजार. भाडे वाढले ६ लाख ६० हजारांनी, त्यातले २ लाख ३८ हजार पालिकेचे. धर्मादाय वापराच्या इमारतींना सामान्य करातून सूट असते खरी, पण मालक भाडे कमावतो तिथे ती मिळेल या भरवशावर राहू नका. भाडे कागदावर कमी दाखवून उरलेले रोख घेण्याचा सल्ला कोणी देईल. तसे करू नका. न्यासाच्या हिशेबात रोखीला जागा नसते, आणि असली तर ते तुमच्यासाठी आणखी वाईट.

आता हीच कात्री साखळीच्या दीड लाखाला लावू. वर्षाचे १८ लाख. करयोग्य मूल्य १६ लाख २० हजार, घरपट्टी ६ लाख ४८ हजार. लिफ्ट, रॅम्प, स्वच्छतागृहे यांचा तुम्ही जोडलेला अंदाज २५ लाखांचा. दहा वर्षांचे कर्ज १० टक्क्यांनी काढले तर हप्ता महिना ३३ हजार, वर्षाला ३ लाख ९६ हजार. विमा आणि बाहेरची देखभाल ९५ हजार. हातात ६ लाख ६० हजार. पहिल्या वर्षी तीन महिने माफ म्हणजे आणखी साडेचार लाख वजा, राहिले दोन लाख दहा हजार. आज मिळतात तेवढेच. दुसऱ्या बाजूला सध्याच्या संस्थेकडून ७० हजार घेतले, घरपट्टीतली वाढ निम्मी-निम्मी केली आणि आतला रंग त्यांच्यावर टाकला, तर तुमच्या हातात ५ लाखांच्या जवळ येतात. दीड लाख आणि सत्तर हजार यांत ८० हजारांचे अंतर दिसत होते, ते महिन्याला चौदा हजारांच्या आत आले. दहा वर्षांनी कर्ज फिटले की साखळीचे पारडे जड होईल, हे खरे. पण दहा वर्षे साखळी टिकेल हे तुम्हाला कोणी लिहून दिलेले नाही, आणि लिफ्टचा हप्ता मात्र तुमच्या सहीचा आहे.

म्हणून साखळीला उलटा प्रस्ताव द्या: 'दीड लाख मान्य, लिफ्ट-रॅम्प-स्वच्छतागृहे तुम्ही तुमच्या खर्चाने करा, आजच्या बिलावरची घरपट्टीची सगळी वाढ तुमची.' असे झाले तर तुमच्या हातात वर्षाला १५ लाख येतात आणि मग वकील 'संस्था बाहेर निघू शकते' म्हणाला तर मी म्हणेन की साखळीशी करार करा. ते हो म्हणाले तर त्यांच्याकडे पैसा आहे. टाळाटाळ केली तर तुमच्या पैशाने शाळा काढायची होती.

मुदतीबद्दल. मान्यता किंवा मंडळाची संलग्नता मागताना शाळेला दीर्घ मुदतीचा नोंदणीकृत भाडेपट्टा दाखवावा लागतो, त्यामुळे ३० वर्षे ही मागणी लबाडीची नाही. पण मुद्रांक शुल्क मुदतीप्रमाणे पायऱ्यांनी चढते. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला मालमत्तेच्या बाजारमूल्याचे १० टक्के धरून त्यावर खरेदीखताच्या दराने शुल्क लागते. पाच ते दहा वर्षांना २५ टक्के, दहाच्या वर २९ पर्यंत ५० टक्के, २९ च्या पुढे ९० टक्के. सरकारी मूल्य अडीच कोटी आणि दर ६ टक्के धरला तर ३० वर्षांना साडेतेरा लाख, २९ वर्षांना साडेसात. एका वर्षाने सहा लाखांचा फरक! नूतनीकरणाचा कालावधी करारात स्पष्ट लिहिला तर तोही मुदतीत मोजतात. हे शुल्क भाडेकरूने भरायचे असते, तरी तसे लिहून घ्या. ६० महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सला एकूण भाड्याच्या पाव टक्काच लागतो, म्हणून सगळे तिकडे पळतात. शाळेला मान्यतेसाठी तो किती चालेल हे आधी शिक्षणाधिकारी कार्यालयात विचारावे.

भावाचा विषय तुम्ही एका ओळीत उरकला आहे, पण तो इतका छोटा नाही. शाळेच्या शिकवण्याच्या सेवेवर जीएसटी नाही, इमारतीच्या भाड्यावर मात्र १८ टक्के आहे आणि शाळेला तो परत मिळत नाही. सेवांची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही आणि सहमालकांचे हिस्से निश्चित असतील तर ही मर्यादा प्रत्येकाला वेगळी लावली जाते. तुम्ही त्यात आरामात बसता. भाऊ बसत नाही. हार्डवेअरच्या दुकानाची जीएसटी नोंदणी असेल तर त्याच्या निम्म्या भाड्यावर कर लागतो. ७० हजारांतल्या ३५ हजारांवर महिना ६,३०० रुपये. ते संस्थेच्या माथी जाणार, म्हणून त्यांची कुवत मोजताना धरा. आणि मागची वर्षे त्याने हे भाडे विवरणात दाखवले होते का, हे त्याने आपल्या करसल्लागाराला याच आठवड्यात विचारावे. याच कारणाने सफाई आणि वॉचमन भाड्यात घालून 'सगळे मिळून इतके' असा करार कधी करू नका. शाळेने या सेवा स्वतः घेतल्या तर बारावीपर्यंतच्या शाळांना त्यावर जीएसटी माफ आहे. भाड्यात मिसळल्या की त्यावरही १८ टक्के.

तो विश्वस्त असल्याने दुसरा पेच असा की न्यासाने हितसंबंधी माणसाला बाजारापेक्षा जास्त भाडे दिले तर न्यासाची आयकर सवलत धोक्यात येते. कमी दिले तर काही बिघडत नाही, बिघडते ते फक्त तुमचे. नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा भाडेअहवाल घ्या, पंधरा-वीस पानांचा. भाऊ संस्थेच्या ज्या सभेत भाडे ठरेल तिथे मतदानाला बसणार नाही आणि तसे इतिवृत्तात लिहिले जाईल. मग त्यालाही बोलायला मोकळीक मिळेल. बहुतेक तो गप्प आहे तो दोन्हीकडून बोलणी बसतील म्हणून.

आयकराचे थोडक्यात: घरभाड्याच्या उत्पन्नातून मालकाने भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, तुम्ही रंग काढा की काढू नका. तेव्हा रंग-दुरुस्ती भाडेकरूकडे गेलेली बरी. एका मालकाला महिना ५० हजारांहून जास्त भाडे गेले की १० टक्के टीडीएस कापला जाईल.

माझा सल्ला, वकिलाने वाट मोकळी केली नाही किंवा साखळीने पाठ फिरवली तर: संस्थेशी पहिल्या वर्षी ६५ हजार, दुसऱ्या वर्षापासून ७०. पुढे दर दोन वर्षांनी १० टक्के. दरवर्षी ५ टक्के लिहू नका. राज्याच्या शुल्क विनियमन कायद्यात ठरलेली फी दोन वर्षे बांधलेली असते, शाळा मधल्या वर्षी फी वाढवू शकत नाही आणि तुमची वाढ थकीत राहते. पाया, स्लॅब, गच्ची, बाहेरचा रंग, विमा तुमचा. दारे-खिडक्या, नळ, वायरिंग, आतला रंग, अग्निशमन त्यांचे. घरपट्टीतली वाढ निम्मी-निम्मी. अनामत सहा महिन्यांची. रिकामी करण्याची तारीख काहीही झाले तरी ३० एप्रिल ठेवा. सप्टेंबरमध्ये इमारत मोकळी झाली तर नवी शाळा पुढच्या जूनपर्यंत येणार नाही, आणि शाळेचे स्थलांतर शिक्षण खात्याच्या परवानगीशिवाय होत नाही.

आणि सांगलीत आहात म्हणून आणखी एक कलम. २०१९ ला पाणी तुमच्या पायरीपर्यंत आले होते असे फोनवर म्हणालात. तळमजल्यावरचे मीटर आणि मुख्य स्विच त्या खुणेच्या चार फूट वर घेऊन टाका, हा खर्च तुमचा. विम्यात पूर स्पष्ट लिहिलेला आहे का पाहा. पुरामुळे शाळा बंद राहिली, किंवा प्रशासनाने इमारत निवारा केंद्रासाठी घेतली, तर त्या दिवसांचे भाडे द्यायचे की नाही, आणि नंतरचा गाळ कोणी काढायचा, हे करारात दोन ओळींत लिहा.